बो विरुद्ध लुईस : व्यावसायिक रिंगणात न झालेली लढत

अमेरिकेचा रिडिक बो आणि ब्रिटनचा लेनॉक्स लुईस हे १९९०च्या दशकातील आघाडीचे हेवीवेट मुष्टियोद्धे व्यावसायिक रिंगणात कधीच समोरासमोर आले नाहीत. १९८८च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत, तेव्हा कॅनडाकडून उतरलेल्या लुईसने बोला दुसऱ्याच फेरीत नमविले होते. नोव्हेंबर १९९२मध्ये इव्हँडर होलिफील्डला हरवून बो निर्विवाद जगज्जेता झाला. त्याच्या पुढ्यात वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचा अधिकृत आव्हानवीर म्हणून लुईसच उभा होता. मानधनाच्या वाटणीवरून बोलणी फिसकटली. १४ डिसेंबरला लंडनमध्ये पत्रकारांसमक्ष बोने कौन्सिलचा पट्टा चक्क कचरापेटीत टाकला. तो आवेश निर्भयतेचा होता. लढत मात्र टळली ती त्याच्याच बाजूने. जगज्जेतेपद लुईसकडे गेले. अँड्र्यू गोलोटाविरुद्धच्या दोन लढतींत बेदम मार खाल्ल्यावर १९९६अखेर बोची उमेदीतील कारकीर्द संपली. १९९९मध्ये त्याच होलिफील्डला हरवून लुईस निर्विवाद जगज्जेता झाला.