नावातला 'मॅन'

घाटकोपर स्टेशनवर ऐकताय? कानाशी हॉर्न वाजला की आपण दचकतो आणि पुढे चालू लागतो. आजच्या आजारात तेवढ्या दचकण्यानेही पाठ, पाय आवळून लाकूड होतात आणि माणूस ताठच्या ताठ पडू शकतो.

१९२४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये असाच एक शेतकरी आला. डॉ. मोर्श आणि डॉ. वोल्टमन असे पेशंट टिपत राहिले. ३२ वर्षांत जमले फक्त १४! १९५६ मध्ये त्यांनी नाव ठेवलं, 'स्टिफ-मॅन सिंड्रोम'.

दोनच वर्षांत लंडनच्या डॉ. रिचर्ड अॅशरनी पेपर छापला: 'स्टिफ-मॅन' झालेल्या बाईवर. (आजाराचं सोंग घेण्याला 'मुंचाउझेन' हे नाव देणारे तेच हे अॅशर, बरं का.) मुळात हा आजार बायकांनाच जास्त होतो. त्यात भीतीने झटके वाढतात, म्हणून 'मनाचे खेळ' हा शेरा अनेकींच्या वाट्याला आला.

१९८८ मध्ये एका पेशंटच्या रक्तात जीएडी या एन्झाइमविरुद्धच्या अँटिबॉडीज सापडल्या. जीएडी गाबा बनवतं, आणि गाबा स्नायूंकडे जाणाऱ्या सिग्नलला ब्रेक लावतो. म्हणजे बिघाड रक्तात दिसत होता, टेस्ट करता येत होती.

नाव मात्र सावकाश बदललं. डिसेंबर २०२२ मध्ये गायिका सेलिन डिऑननी स्वतःचा आजार जाहीर केला, तेव्हा ती म्हणाली, 'स्टिफ-पर्सन'.