फझ चाचणीचा विकासक्रम आणि पुण्याचे योगदान : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
पुण्याच्या संगणक क्षेत्राचा इतिहास बहुधा प्रणालींच्या निर्मितीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. त्या प्रणालींतील दोष शोधण्याची परंपराही तितकीच महत्त्वाची आहे, हे प्रस्तुत निबंधात मांडले आहे.

उगम :
१९८८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्रा. बार्टन मिलर वादळी पावसात दूरध्वनीवाहिनीवरून संगणकावर काम करीत होते. वाहिनीतील खरखरीमुळे अक्षरे बिघडत व प्रोग्राम बंद पडत. त्यावरून प्रोग्रामला मुद्दाम निरर्थक माहिती पुरवून तपासण्याची पद्धत निर्माण झाली. तीच फझ चाचणी होय. १९९० च्या त्यांच्या शोधनिबंधानुसार युनिक्सवरील २५ ते ३३ टक्के प्रोग्राम या चाचणीत कोलमडले.

ब्लॉकचेन आणि फझ चाचणी :
स्मार्ट करार म्हणजे अटी पूर्ण होताच आपोआप अमलात येणारा, ब्लॉकचेनवर नोंदलेला प्रोग्राम होय. नोंदणीनंतर तो सहसा बदलता येत नाही. म्हणून दोष आधीच सापडणे अगत्याचे ठरते. जून २०१६ मध्ये इथेरियमवरील ‘द डाओ’ या निधीतून सुमारे ३६ लाख ईथर काढून घेतले गेले. खात्यातील शिल्लक कमी करण्यापूर्वीच रक्कम अदा करणे, हा त्यातील दोष होता. पुढे २०१८ मध्ये ‘एकिडना’ व ‘कॉन्ट्रॅक्टफझर’ ही स्मार्ट करारांसाठीची फझ साधने पुढे आली.

पुण्याचे योगदान :
१९८१ मध्ये पुण्यात टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरची स्थापना झाली. तेथे रुजलेल्या प्रोग्राम-विश्लेषणाच्या परंपरेतून ‘व्हेरिफझ’ हे साधन साकारले आणि २०१९ च्या ‘टेस्ट-कॉम्प’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरले. ते सी भाषेतील प्रोग्रामांसाठी आहे, स्मार्ट करारांसाठी नव्हे. तथापि प्रोग्रामची रचना आधी अभ्यासून मग चाचणीची माहिती घडविण्याचे त्याचे तत्त्व दोन्हीकडे सारखेच उपयुक्त आहे. मिलर यांच्या पद्धतीतील यदृच्छेला येथे विश्लेषणाची जोड मिळाली.

समारोप :
२०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रांची पडताळणी ब्लॉकचेनद्वारे करण्याचा उपक्रम महाराष्ट्र शासनाने हाती घेतला. अशा प्रमाणपत्रावर विद्यार्थ्याचा प्रवेश व शिष्यवृत्ती अवलंबून असते. नोंद पुसता येत नाही, ही ती अचूक असल्याची हमी नव्हे. महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत मात्र अपेक्षित उत्तर मिळाले की मूल्यमापन बहुधा संपते. चुकीची माहिती दिल्यास प्रोग्राम कसा वागतो, हेही विद्यार्थ्यांकडून तपासून घेतले पाहिजे, हा या इतिहासाचा बोध होय.