मिरवणूक आणि सज्जा

4 मार्च 1832 रोजी ब्राझीलमधल्या बाहिया शहरात चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजावरच्या दोन सोबत्यांसह कार्निव्हल पाहायला बाहेर पडला. त्या दिवसाची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. पाणी भरलेले मेणाचे गोळे अंगावर फुटत होते, पत्र्याच्या मोठ्या पिचकाऱ्या माणसाला नखशिखांत भिजवत होत्या आणि अशा रस्त्यातून प्रतिष्ठा सांभाळून चालणे या तरुण इंग्रजांना अवघड जात होते. आपल्याकडच्या धुळवडीचा अनुभव असणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. मला या नोंदीतली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. डार्विन कार्निव्हल ‘पाहायला’ गेला, पण कोरडे राहून पाहण्याची जागाच त्या गावात नव्हती. जो रस्त्यावर आला तो खेळात आला.

या खेळाचे पोर्तुगीज नाव ‘एंत्रुदो’. गोव्यात कार्निव्हलला आजही ‘इंत्रूज’ म्हणतात, तो याच शब्दाचा कोकणी अवतार. गोव्यातल्या पोर्तुगीज काळातल्या सणांवर काम करत असताना या शब्दाचा माग काढत मी ब्राझीलपर्यंत पोहोचलो आणि 2024 च्या कार्निव्हलला रिओ दि जानेरोत होतो. तिथे एका प्रश्नाने मला धरून ठेवले. ज्या सणात प्रेक्षक नावाची जातच नव्हती, त्यात प्रेक्षक आला कधी? आणि त्याची जागा रस्त्याच्या कडेवरून वातानुकूलित सज्जापर्यंत कशी चढत गेली? रिओच्या कार्निव्हलचे इतिहास बहुधा संगीताचे, वेशभूषेचे, विजेत्यांचे असतात. इथे मी तो बसण्याच्या जागेवरून मांडून पाहणार आहे.

खिडकीतून पाहणारे

एकोणिसाव्या शतकात एंत्रुदोवर रिओत वारंवार बंदी आली. चित्रकार झाँ-बातिस्त देब्रे याने 1823 मध्ये काढलेल्या चित्रात तोंडाला पीठ फासण्याचा आणि पाणी उडवण्याचा हा खेळ खेळणारी माणसे कृष्णवर्णीय आहेत, त्यातली बहुतेक गुलाम. घरांच्या आत गोरी कुटुंबेही तोच खेळ खेळत, पण शिष्टांना खुपायचा तो रस्त्यावरचा.

त्याला उतारा म्हणून 1855 मध्ये एका नव्या मंडळाने पॅरिस-व्हेनिसच्या धर्तीवर मिरवणूक काढली. रेशमी पोशाख, मुखवटे, सजवलेल्या गाड्या. कादंबरीकार जुझे दि अलेंकार याने वृत्तपत्रातल्या सदरातून तिचे स्वागत केले. पुढे अशा मंडळांना ‘थोर मंडळे’ असेच नाव पडले. कार्निव्हल आता एका दिशेने जाणारी मिरवणूक झाला, आणि मिरवणूक म्हटली की तिला दोन कडा येतात. त्या कडांवर, खिडक्यांत आणि गच्च्यांवर प्रेक्षक जन्माला आला.

विसाव्या शतकाच्या आरंभी, महापौर पेरेइरा पासोस याच्या काळात, जुन्या शहराच्या मध्यातून रुंद हमरस्ता काढला गेला. 1905 मध्ये तो खुला झाला. त्यासाठी पाडलेल्या चाळींतली माणसे टेकड्यांवर आणि ‘नव्या शहरा’त, म्हणजे प्रासा ओंझे या चौकाच्या आसपास गेली. हमरस्त्यावर श्रीमंतांच्या उघड्या मोटारींची मिरवणूक सुरू झाली. चौकात गरिबांचा कार्निव्हल राहिला. एका शहरात दोन कार्निव्हल झाले, ते रस्ता रुंद करण्याच्या निर्णयामुळे.

चौकातली शाळा

गुलामगिरी 1888 मध्ये रद्द झाली. त्याआधी आणि नंतर बाहियाहून रिओत आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी या चौकाभोवती वस्ती केली. त्यांतल्या तिया सियाता, म्हणजे सियातामावशी, मिठाई विकत. त्यांच्या घरी पूजाही होत आणि गाणेही. 1916 मध्ये दोंगा या वादकाने ‘पेलो तेलेफोने’ हे गाणे नोंदवले आणि पुढच्या कार्निव्हलमध्ये ते गाजले. ‘सांबा’ म्हणून लोकप्रिय झालेले पहिले गाणे ते हेच मानतात, आणि त्याचा उगम मावशींच्या घरच्या बैठकीत सांगतात. त्या काळी गिटार किंवा डफ घेऊन फिरणाऱ्याला पोलीस उनाडकीखाली पकडू शकत.

1928 मध्ये एस्तासियो वस्तीत इस्माएल सिल्वा आणि मित्रांनी ‘देइशा फालार’ हे मंडळ काढले. नावाचा अर्थ ‘बोलू दे बोलणाऱ्यांना’. जवळच शिक्षक घडवणारी शाळा होती, तर आपणही सांब्याचे शिक्षक, म्हणून मंडळाला ‘सांबा शाळा’ म्हणायचे ठरले, असे सिल्वा सांगत. या शाळांत वर्ग नसतात. ती वस्तीची मंडळे आहेत, पण ‘शाळा’ या शब्दात पोलिसांपुढे आणि शिष्टांपुढे मांडलेला प्रतिष्ठेचा दावा आहे.

1932 मध्ये या शाळांची पहिली स्पर्धा प्रासा ओंझेत झाली. ती भरवली ‘मुंदो स्पोर्तिवो’ या क्रीडावृत्तपत्राने. संपादक मारियो फिल्यो याला फुटबॉलचा हंगाम नसताना बातम्या हव्या होत्या. रिओच्या प्रसिद्ध माराकाना मैदानाला अधिकृत नाव आहे ते याच पत्रकाराचे. पहिली शाळा ठरली मांगेइरा. 1935 पासून नगरपालिकेने स्पर्धेला मान्यता आणि अनुदान दिले.

शिस्त, परीक्षक, गुण, अनुदान हे सारे शाळांवर वरून लादले गेले, असे अनेकदा लिहिले जाते. मला ते अर्धसत्य वाटते. शाळांना ते हवेच होते. ज्यांना रस्त्यात उभे राहायला हक्काची जागा नव्हती, त्यांना परीक्षकाने गंभीरपणे पाहणे ही मिळकत होती. प्रेक्षक त्यांच्यावर आला नाही. त्यांनी तो मिळवला.

तिकीट, मटका आणि वास्तुकार

प्रासा ओंझे चौक 1940 च्या दशकाच्या आरंभी नव्या हमरस्त्याखाली गेला. मिरवणूक या रस्त्यावरून त्या रस्त्यावर फिरत राहिली. 1960 च्या दशकात तात्पुरत्या लोखंडी गॅलऱ्या उभ्या राहिल्या, त्यांना तिकिटे लागली. दर वर्षी त्या बांधायच्या आणि उतरवायच्या. 1978 मध्ये मिरवणूक मार्केस दे सापुकाई रस्त्यावर आली.

1982 मध्ये रिओचे गव्हर्नर म्हणून निवडून आलेले लिओनेल ब्रिझोला आणि त्यांचे उपगव्हर्नर, मानववंशशास्त्रज्ञ दार्सी रिबेइरो यांनी कायमची वास्तू बांधायचे ठरवले. आराखडा ऑस्कर नीमायर यांचा. सुमारे चार महिन्यांत काम उरकून 1984 च्या कार्निव्हलला सांबाड्रोम खुला झाला: 700 मीटरांच्या आसपास लांबीची पट्टी, दोन्ही बाजूंना सिमेंटच्या गॅलऱ्या आणि शेवटी कमान असलेला ‘आपोतेओझे’ चौक. कार्निव्हल नसेल तेव्हा गॅलऱ्यांच्या पोटात मुलांच्या शाळा भराव्यात, ही रिबेइरोंची कल्पना. मिरवणुकीची जागा आणि शाळा एकाच छताखाली आणणारी दुसरी वास्तू मला माहीत नाही.

पहिल्याच वर्षी एक घटना घडली. मांगेइरा शाळा शेवटच्या चौकात पोहोचली आणि पांगण्याऐवजी वळून त्याच रस्त्याने परत निघाली. लोक गॅलऱ्यांतून उतरून तिच्यात मिसळले. नव्या वास्तूने पाहणारा आणि नाचणारा यांच्यात सिमेंटची रेषा आखली होती. ती उद्घाटनाच्याच वर्षी पुसली गेली. पुन्हा आखली गेली, हेही खरे.

त्याच वर्षी जुलैमध्ये मोठ्या शाळांनी आपला संघ काढला. त्याचा पहिला अध्यक्ष कास्तोर दि आंद्रादे हा ‘जोगो दो बिशो’चा बडा चालक होता. हा प्राण्यांच्या आकड्यांवर चालणारा बेकायदा जुगार, ब्राझीलचा मटकाच म्हणा. 1892 मध्ये एका प्राणिसंग्रहालयाच्या तिकिटांवरच्या सोडतीतून तो सुरू झाला. कित्येक शाळांचे पिसारे, चित्ररथ, शिलाई या पैशावर उभी राहत. 1993 मध्ये न्यायाधीश देनिझे फ्रोसार यांनी कास्तोरसह 14 जणांना तुरुंगात धाडले. आज सज्ज्यांच्या पैशाने कार्निव्हल बाटला म्हणून हळहळणाऱ्यांनी त्याआधीचा पैसा कुठून येत होता, हे विसरू नये.

आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न मिरवणुकीनेही विचारला आहे. 1989 मध्ये बैजा-फ्लोर शाळेचे दिग्दर्शक जोआओझिन्यो त्रिंता यांनी भिकाऱ्यांनाच कार्निव्हलचे निमंत्रित केले. चिंध्या पांघरलेल्या ख्रिस्ताचा भव्य पुतळा त्यात होता. चर्चच्या तक्रारीवरून न्यायालयाने तो दाखवायला मनाई केली, तेव्हा काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलाच पुतळा रस्त्यावर आला. बंदी असली तरी आमच्यावर नजर असू दे, अशा अर्थाची पाटी त्याच्यावर होती. शाळा दुसरी आली. पण आज लोकांना त्या वर्षाचे आठवते ते हेच दृश्य.

सज्जातून

सांबाड्रोममधल्या जागांची उतरंड आता पक्की आहे. सर्वांत वर ‘कामारोत’, म्हणजे बंदिस्त सज्जे. रस्त्यालगत ‘फ्रिझा’, खुर्च्यांचे छोटे कप्पे. मग सिमेंटच्या गॅलऱ्या. त्यांतला सेक्टर 9 क्रमांकित खुर्च्यांचा, परदेशी पाहुण्यांच्या सवयीचा. शेवटाकडचे 12 आणि 13 सर्वांत स्वस्त. आरंभीचा सेक्टर 1 शाळांच्या वस्त्यांतल्या लोकांसाठी. 2012 मध्ये एका बाजूची जुनी बिअरची भट्टी पाडून नव्या गॅलऱ्या बांधल्या आणि क्षमता सुमारे 60,000 वरून 72,500 वर गेली. नीमायरांच्या मूळ आराखड्यातली समरूपता 28 वर्षांनी पुरी झाली. ते तेव्हा 104 वर्षांचे होते.

12 फेब्रुवारी 2024 च्या रात्री मी सज्जात होतो, मार्गदर्शकासह पाहुणचाराचे सगळे पॅकेज घेऊन. बसने नेणे-आणणे, मनगटावर पट्टा, घालायला सक्तीचा छापील टी-शर्ट, जेवण, हवे तितके पेय. बसमध्ये मार्गदर्शक मुलीने त्या रात्रीच्या सहाही शाळांचे विषय दहा-बारा मिनिटांत सांगितले. ती हुशार होती, पण तिला दिलेला वेळच तेवढा होता. पाचव्या शाळेबद्दल ती म्हणाली, “हा एका कृष्णवर्णीय खलाशाविषयी आहे. ती येईल तेव्हा उशीर झालेला असेल, हवे तर तुम्ही परत बसमध्ये जाऊ शकता.”

तो खलाशी जोआओ कांदिदो. नोव्हेंबर 1910 मध्ये ब्राझीलच्या नौदलात, गुलामगिरी संपून 22 वर्षे झाल्यावरही, खलाशांना चाबकाने फोडून काढत. त्याविरुद्ध त्यांनी उठाव केला, युद्धनौका ताब्यात घेतल्या, तोफा राजधानीकडे वळवल्या आणि फटक्यांची शिक्षा बंद करा, अशी मागणी केली. मागणी मान्य झाली, माफी जाहीर झाली आणि मग तुरुंग आला. कांदिदो वाचला, पण पुढचे आयुष्य बंदरावर मासळी उतरवत गरिबीत काढून 1969 मध्ये गेला. जोआओ बोस्को आणि आल्दिर ब्लांक यांनी 1970 च्या दशकात त्याच्यावर गाणे केले, तेव्हा लष्करी राजवटीच्या सेन्सॉरला त्याला ‘अ‍ॅडमिरल’ म्हटलेले चालले नाही. तो शब्द बदलावा लागला. पाराइझो दो तुइउती शाळेने 2024 मध्ये तोच शब्द, ‘काळा अ‍ॅडमिरल’, थेट शीर्षकात घेऊन सांबाड्रोममध्ये आणला.

शाळा आली तेव्हा सज्जाच्या आतल्या मंचावर दुसरेच संगीत चालू होते. कठड्याशी मी धरून आठ-दहा माणसे होतो. मोठा चित्ररथ दिसला की आतले लोक फोन घेऊन बाहेर येत, छायाचित्र काढत आणि परत जात. आतल्या ठेक्यामुळे खालचे गाणे मला तुकड्यातुकड्यांनी ऐकू येत होते. समोरच्या गॅलरीतली माणसे मात्र उभी राहून गात होती. सर्वांत महाग जागेवरून मिरवणूक सर्वांत कमी ऐकू येत होती.

यातून सज्जे बंद करावेत, असे मी म्हणणार नाही. त्यांच्या भाड्यावर, प्रक्षेपणावर आणि अनुदानावर आजची मिरवणूक उभी आहे आणि वस्तीतल्या शिंपी, सुतार, रंगाऱ्यांचे पगार त्यातूनच निघतात. पण 1932 मध्ये शाळांनी मिळवलेला प्रेक्षक हा पाहणारा होता. पैसे देऊन न पाहणारा प्रेक्षक ही नवी गोष्ट आहे. डार्विनला भिजल्याशिवाय पाहता येत नव्हते. सज्जाने न पाहता हजर राहण्याची सोय केली.

तरीही या उतरंडीला एक फट आहे. दर वर्षी कार्निव्हलआधीच्या आठवड्यांत याच सांबाड्रोममध्ये शाळांच्या रंगीत तालमी होतात. चित्ररथ नसतात, पिसारे नसतात, तिकीटही नसते. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मी अशा एका तालमीला गेलो होतो. डब्यात खाणे घेऊन आलेली कुटुंबे, खांद्यावर मुले, शाळेच्या रंगाचे शर्ट. ढोलपथक समोर येण्याआधीच गॅलरीने गाणे उचलले होते. त्या वर्षीचे गाणे प्रत्येक शाळा ऑक्टोबरच्या आसपासच आपल्या अंगणात निवडते. तिथपासून ही माणसे ते गात होती. विषय काय, कांदिदो कोण, हे त्यांना कुणी बसमध्ये सांगावे लागत नव्हते. पॅकेज जवळची जागा देते. हे चार महिने ते देऊ शकत नाही, आणि खालून जाणारी मिरवणूक अजून त्या चार महिन्यांतूनच तयार होते.