ऑफसाइड: नीतीकडून मोजपट्टीकडे

श्रोतेहो, आम्ही उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवला. आता फुटबॉलवर बोलायला उभे राहिलो याचं काहींना नवल वाटेल. पण नियम कशासाठी असतो, हा प्रश्न ऑफसाइडइतका स्वच्छपणे फार थोड्या ठिकाणी दिसतो.

आधी नियम समजून घेऊ. सहकारी पास देतो त्या क्षणी तुम्ही प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात आहात, चेंडूच्या पुढे आहात आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे आहात, तर तुम्ही ऑफसाइड जागेवर. नुसतं तिथं उभं राहणं हा गुन्हा नाही. तिथून खेळात हस्तक्षेप केला तर गुन्हा. खरी मेख 'त्या क्षणी' या शब्दांत आहे. चेंडू मिळताना तुम्ही कुठे होता हे विचारायचं नाही, चेंडू निघताना कुठे होता हे विचारायचं.

हे आलं कुठून? एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या बड्या शाळांतून. ईटनमध्ये प्रतिस्पर्ध्यांच्या पाठीमागे घुटमळणाऱ्यासाठी जो शब्द होता, त्याचा अर्थच मुळी चोरटेपणा. आपल्याकडे गनिमी काव्याचं कौतुक. तिथं समोरासमोर भिडण्याचं. म्हणजे नियम जन्मला तो नीतीच्या पोटी.

१८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने नियम लिहिले, तेव्हा चेंडूच्या पुढे असलेला प्रत्येक जण खेळाबाहेर होता. मग पुढे पास देणार कुणाला? १८६६ मध्ये सवलत आली: खेळाडू आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीन प्रतिस्पर्धी असले तर चालेल. पास देण्याच्या खेळाला इथून वाट मिळाली. १९०७ पासून स्वतःच्या अर्ध्या मैदानात ऑफसाइड राहिला नाही.

पण पळवाट शोधणं हा मनुष्यस्वभाव. न्यूकॅसलचा बचावपटू बिल मॅक्रॅकन यात पटाईत. गोलरक्षक आणि दोन बचावपटू मिळून तीन. त्यातला एक ऐन वेळी पुढे सरकला की समोरचा आक्रमक ऑफसाइड! शिवाय दुसरा बचावपटू मागे राखणीला असायचाच. चोरट्याला अडवायला केलेला नियम आता सापळा लावणाऱ्याचं हत्यार झाला आणि सामने कंटाळवाणे झाले.

१९२५ मध्ये तीनचे दोन केले. इंग्लंडच्या पहिल्या विभागात आदल्या हंगामात १,१९२ गोल झाले होते. नव्या नियमाच्या पहिल्याच हंगामात १,७०३. सामने तेवढेच, ४६२! त्याच ऑक्टोबरात आर्सेनल न्यूकॅसलकडून ०-७ असं हरलं. मग हर्बर्ट चॅपमन यांनी मधला खेळाडू मागे खेचून तिसरा बचावपटू केला. एका आकड्याने साऱ्या खेळाची मांडणी बदलली.

१९९० साली ठरलं, की बरोबरीत असलेला आक्रमक ऑनसाइड. याचा भावार्थ, शंका असेल तर फायदा गोल करू पाहणाऱ्याला.

आता २०२२ चा कतारमधला विश्वचषक आठवा. सलामीच्या सामन्यात तिसऱ्याच मिनिटाला इक्वाडोरच्या एनर व्हॅलेन्सियाने हेडर मारून गोल केला. कॅमेऱ्यांनी शोधून काढलं, की त्याआधी एका सहकाऱ्याचा पाय जरासा पुढे होता. गोल रद्द! निर्णय बिनचूक. पण त्या पायाने कुणाला फसवलं होतं?

जुने दिवस सोन्याचे होते, असं आम्ही म्हणत नाही. लाइनमनच्या चुकीने हरलेल्या संघाला विचारा. न्याय सर्वांना सारखा हवा, तर मोजपट्टी हवीच. मात्र मोजपट्टी फक्त किती पुढे ते सांगते. त्यातलं किती मोजायचं आणि किती सोडून द्यायचं, हे माणसांनीच ठरवावं लागतं. १८६६, १९२५ आणि १९९० मध्ये माणसांनी तेच केलं. नियम खेळासाठी आहे, हे ध्यानात ठेवून त्यांनी नियम बदलला. ती जबाबदारी आपल्याला यंत्रावर ढकलता येणार नाही.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.