पॅरिसमधला कैरोचा रस्ता

जागतिक प्रदर्शनांची परंपरा लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनापासून मानली जाते. हाईड पार्कमधल्या लोखंड आणि काचेच्या महालाला तेव्हा सुमारे ६० लाख भेटी झाल्या. यंत्रे दाखवावीत, व्यापार वाढवावा, हा त्यामागचा उघड हेतू. साम्राज्याचा दिमाख मिरवणे हा दुसरा. १८४९ मध्ये पंजाबातून नेलेला कोहिनूरही तिथे मांडला होता.

पुढे वस्तूंच्या जोडीला माणसेही मांडली जाऊ लागली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या शताब्दीनिमित्त १८८९ साली पॅरिसला प्रदर्शन भरले. आयफेल मनोरा त्याच वेळचा. तिथे ‘कैरोचा रस्ता’ उभारला होता. गाढवे आणि ती हाकणारेही कैरोहून आणले. भिंतींना मुद्दाम मळकट रंग दिला. मशिदीचे दार होते. आत मात्र कॉफीगृह आणि नाच! स्टॉकहोमच्या प्राच्यविद्या परिषदेला निघालेले इजिप्तचे विद्वान हे पाहून व्यथित झाले. आपले चित्र दुसऱ्याने रंगवले की काय होते, ते आम्हांला इथे दिसते.

२०२१-२२ मध्ये प्रदर्शन दुबईत भरले. या वेळी यजमान अरब होते, याचे आम्हांला समाधान वाटले. ते उभारणाऱ्या दोन लाखांहून अधिक कामगारांची नावे तिथे दगडी खांबांवर कोरली गेली. त्यांत आपल्या उपखंडातले पुष्कळ. ही चांगलीच गोष्ट झाली. पण दगडावरचे नाव म्हणजे घामाचा पुरा मोबदला नव्हे. मळकट भिंतीचा राग आपल्याला येतो. मग हा हिशेबही आपणच मागायला हवा.