फुकट विद्या आणि मुक्त विद्या

विद्यादानाचें मोल घेऊं नये, हें वचन आपल्याकडे वारंवार उच्चारलें जातें. परंतु विद्या ज्या पुस्तकांत सांठविलेली असते त्यांस मोल असतें, व त्यांना धनीही असतो, हें तितक्याच सहजतेनें विसरलें जातें.

४ एप्रिल २००१ रोजीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनें आपल्या अध्यापनाचें साहित्य जगास विनामूल्य खुलें करण्याचें जाहीर केलें. तो काळ महाजालावर शिक्षण विकून धनवान होण्याच्या स्वप्नांचा होता. म्हणून ह्या घोषणेचें नवल अधिक वाटलें. सप्टेंबर २००२ मध्यें पहिले पन्नास अभ्यासक्रम उघडले. त्याच वर्षीं जुलैमध्यें पॅरिस येथें युनेस्कोच्या सभेंत अशा साहित्यास ‘मुक्त शैक्षणिक साधनें’ ह्या अर्थाचें नांव मिळालें, आणि डिसेंबरांत क्रिएटिव्ह कॉमन्सचीं अनुज्ञापत्रें निघालीं.

ह्या तिहींत तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, व प्राध्यापकवर्गांत तिचीच ओळख सर्वांत थोडी आहे. पडद्यावर व्याख्यान फुकट दिसलें म्हणजे तें मुक्त झालें, असा समज सार्वत्रिक आहे. वस्तुतः जवळ ठेवणें, वापरणें, फेरफार करणें, दुसऱ्या साहित्यांत मिसळणें आणि पुन्हा वांटणें, ह्या पांचही गोष्टींची मोकळीक असेल तरच साधन मुक्त म्हणावयाचें. धनी जें केवळ पाहूं देतो, तें उद्यां काढूनही घेऊं शकतो.

येथें कोणी दिल्लीच्या खटल्याकडे बोट दाखवील. दिल्ली विद्यापीठाच्या आवारांतील एका छायाप्रतीच्या दुकानावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आदि प्रकाशकांनीं २०१२ सालीं फिर्याद केली. १६ सप्टेंबर २०१६ रोजीं न्यायालयानें ती फेटाळली. पुढें अपिलांत खटला पुन्हा उभा राहिला खरा, पण २०१७ सालीं प्रकाशकांनींच तो मागें घेतला. १९५७ च्या कायद्यांतील ५२ व्या कलमानें अध्यापनासाठीं प्रती काढण्यास दिलेल्या सवलतीस ह्या निकालानें बळ आलें, व गरीब विद्यार्थ्यांचें त्यांत कल्याणच झालें.

परंतु ती सवलत प्रतीपुरती. मराठींतून शिकविणाऱ्याची अडचण निराळी आहे. त्याला इंग्रजी प्रकरणाची प्रत नको. त्याचें भाषांतर करून तें छापावयाचें व गांवोगांवच्या महाविद्यालयांस द्यावयाचें असतें, आणि भाषांतराचा हक्क कायद्यानें ग्रंथकाराचा. अमेरिकेंतील राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सनें २०१२ सालीं महाविद्यालयीन भौतिकशास्त्राचें पुस्तक काढलें, तें केवळ श्रेय नमूद करण्याच्या अटीवर. त्याचें मराठी करतांना परदेशीं दाखले गाळून कोयनेच्या पाण्याचा दाखला घालावयास कोणाचीही परवानगी मागावी लागत नाहीं. मूळ लेखकांचें श्रेय द्यावें व आपण बदल केला तो सांगावा, म्हणजे झालें. उलट ज्या अनुज्ञापत्रांत ‘फेरफार नको’ अशी अट आहे, तें साहित्य फुकट असूनही त्याचें भाषांतर प्रसिद्ध करतां येत नाहीं. पुस्तकाच्या पहिल्या पानावरील ही ओळ आमचे किती सहकारी वाचतात?

अशा भाषांतरास लागणारे दोन-तीन वर्षांचे श्रम बढतीच्या हिशेबांत शोधनिबंधाच्या तोलाचे धरले जात नाहींत, हा अडथळा मात्र कोणा परक्या प्रकाशकानें घातलेला नाहीं.