बासनात राहिलेले सवंगडी

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यात धनज नावाचे गाव आहे. तालुक्याचे ठिकाण जे कारंजा, ते दत्तसंप्रदायी मंडळींना नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून ठाऊक असते. परंतु त्या गावाची आणखी एक श्रीमंती आहे. तेथील सेनगण आणि बलात्कारगण यांच्या जैन मंदिरांत शतकानुशतके हस्तलिखित पोथ्या जपून ठेवल्या गेल्या. पोथी जुनी होई, कागद झिजे, कडा तुटत. मग कोणी नवी नक्कल करी. त्या नक्कलकाराने अक्षर हवे तितके वळणदार काढावे, समास सुबक आखावा; पण जुन्यातली एक ओळही गळू देऊ नये, हा त्याचा धर्म. नवी प्रत जुनीची वारस. वारसाने आधीचे सगळे पदरात घेऊन मग पुढे चालावे.

रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा या भांडारांकडे विद्वानांचे लक्ष वळले. पुढे १९३१ साली दहाव्या शतकातील पुष्पदंत कवीचे ‘जसहरचरिउ’ हे अपभ्रंश काव्य डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिले आणि ते कारंजा जैन ग्रंथमालेत छापून निघाले. तोवर ते बासनात होतेच. नष्ट झाले नव्हते. पण असणे आणि वाचता येणे यांत केवढे अंतर! हे अंतर वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण ज्या गोष्टीचा इतिहास येथे सांगावयाचा आहे, ती पोथ्यांहून फारच निराळी, नातवंडांच्या हातातली आहे. आणि तरीही तिच्यातला तंटा नेमका याच अंतरावरून पेटला.

ही गोष्ट म्हणजे पोकेमॉन नावाचा व्हिडिओ गेम. मूळ नाव ‘पॉकेट मॉन्स्टर्स’, म्हणजे खिशातले राक्षस. आजीबाईंनी दचकू नये. यांतले बरेचसे राक्षस मांजराच्या पिलाहून भयंकर नसतात. खेळणाऱ्याने रानावनांतून फिरावे, हे प्राणी पकडावेत, त्यांना वाढवावे, इतरांच्या प्राण्यांशी झुंजवावे आणि आपला संग्रह पुरा करावा, एवढेच कथानक.

त्याचा जनक सातोशी ताजिरी. जन्म १९६५ चा. टोकियोजवळच्या माचिदा भागात लहानपणी किडे गोळा करण्याचा त्याला भारी नाद; सोबती त्याला किड्यांचा डॉक्टर म्हणत. पुढे शहर वाढले, डबकी बुजली, शेतांच्या जागी इमारती आल्या आणि किडेही गेले. नव्या पोरांना तो आनंद कोठून मिळावा? गेम बॉय या खिशात मावणाऱ्या यंत्राची दोन नगे तारेने जोडता येतात हे पाहून त्याला वाटले, या तारेवरून किडे सरपटत एकाकडून दुसऱ्याकडे गेले तर! या कल्पनेवर सुमारे सहा वर्षे काम झाले आणि २७ फेब्रुवारी १९९६ रोजी ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे दोन खेळ जपानात बाहेर पडले. प्राणी १५१, पण खुबी अशी की एकाच खेळात सगळे मिळत नसत. संग्रह पुरा करावयाचा तर दुसऱ्या पोराशी देवघेव करणे भागच. काडेपेटीचे छाप किंवा पोस्टाची तिकिटे बदलून घेणाऱ्यांना यात नवे काहीच वाटणार नाही.

वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा निघाला तो १ जुलै १९९८ रोजी. त्याच वर्षी सप्टेंबरात हा खेळ अमेरिकेत पोहोचला. आपल्याकडे मात्र खेळाच्या आधी त्याची चित्रमालिका आली. २००३ साली कार्टून नेटवर्कवर ती सुरू झाली आणि पिकाचू हे पिवळे ध्यान घरोघर माहीत झाले. ज्या यंत्रावर खरा खेळ चाले ते येथे सहजी मिळत नसे आणि मिळाले तरी परवडत नसे. म्हणून पुष्कळ मुलांनी आधी मालिका पाहिली आणि मूळ खेळ पुढे उशिरा, कोणाच्या तरी संगणकावर, हाती घेतला. डिसेंबर २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ हा मोबाईलवरचा खेळ रिलायन्स जिओच्या भागीदारीत अधिकृतपणे भारतात आला, तेव्हा तो खेळायला ही पहिली पिढी मोठी होऊन तयारच होती.

आता उत्तरभागांकडे वळू. पहिला मोठा उत्तरभाग २१ नोव्हेंबर १९९९ चा, ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’. शंभर नवे प्राणी आले, संख्या २५१ झाली. तेवढ्याशा जागेत चित्रे आवळून बसविण्याची साधने सातोरू इवाता यांनी करून दिली. हेच इवाता पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले. या भागात जुन्या खेळातले प्राणी नव्यात आणण्याची सोय होती. इतकेच नव्हे, नवा प्रदेश जिंकल्यावर पहिल्या खेळाचा प्रदेशही पुन्हा फिरता येई. कारंजाच्या नक्कलकाराने मान डोलवावी असा हा वारस.

दुसरा वारस मात्र अडखळला. २१ नोव्हेंबर २००२ रोजी ‘रुबी’ आणि ‘सफायर’ आले. यंत्र नवे, जोडणी नवी. जुन्या यंत्रातले प्राणी नव्यात येईनात. एकूण प्राणी ३८६ झाले खरे, पण या खेळात त्यांतले दोनशेच्या आसपासच सापडत. पोरे हिरमुसली. पण पुढे २००४ साली पहिल्याच खेळाची नवी आवृत्ती निघाली आणि राहिलेले बरेच प्राणी परतले. त्यानंतर साखळी तुटली नाही. २००६, २०१०, २०१३, २०१६, प्रत्येक पिढीत मागचे प्राणी पुढे नेण्याची वाट ठेवली गेली. ज्या मुलाने ‘रुबी’त एक प्राणी पाळला, त्याला तोच प्राणी शाळा, कॉलेज आणि नोकरीपर्यंत सोबत नेता येत होता. चौदा-पंधरा वर्षांचा सवंगडी! त्यात जीव नव्हता हे खरे; पण पाळणाऱ्याची वर्षे त्यात गेली होती.

आणि मग २०१९ साल उजाडले. पुढचा भाग ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’. यंत्र सामर्थ्यवान, पडदा मोठा, अपेक्षा त्याहून मोठ्या. जूनमध्ये निर्माते जुनिची मासुदा यांनी सांगितले की सगळे प्राणी या खेळात आणता येणार नाहीत. १५ नोव्हेंबरला खेळ आला, तेव्हा सुमारे नऊशे प्राण्यांपैकी चारशेच त्याच्या यादीत होते. ज्या खेळाचे इंग्रजीतले ब्रीदच ‘सगळे पकडा’ अशा अर्थाचे, त्यानेच निम्म्याहून अधिक दाराबाहेर ठेवावेत, हे चाहत्यांच्या जिव्हारी लागले.

मासुदांची बाजूही ऐकली पाहिजे. नव्या यंत्राच्या मोठ्या पडद्यावर प्रत्येक प्राणी नीट हलता-बोलता करायचा, झुंजीत कोणी वरचढ होऊ नये म्हणून तोल सांभाळायचा, आणि तेही ठरल्या मुदतीत! नऊशे पाहुण्यांची पंगत वाढणाऱ्याला त्याची अडचण कळेल. पण अडचण समजली म्हणून दुःख सरत नाही. २०२० साली दोन पुरवण्या निघाल्या, त्यांतून दोनशेहून अधिक प्राणी परत आले. त्या पुरवण्यांना निराळे पैसे पडत आणि तरीही सगळे आले नाहीतच. त्याच वर्षी ‘पोकेमॉन होम’ नावाचे कोठार उघडले. ज्यांना नव्या खेळात जागा नाही ते प्राणी तेथे ठेवावेत. म्हणजे पोथी नष्ट झाली नाही. बासनात बांधून फडताळात गेली. पाहता येते, पण तिच्यासह खेळता येत नाही.

येथे गंमत अशी की विक्री दणदणीत झाली. पहिल्या शनिवार-रविवारातच साठ लाख प्रती खपल्या. तक्रार करणाऱ्यांनीही विकत घेतला असणार; जुना स्नेही बदलला तरी त्याच्या घरचे लग्न कोण चुकवतो? पुढचा भाग ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ १८ नोव्हेंबर २०२२ रोजी आला. तोही सगळ्या प्राण्यांविना, आणि वर चित्र अडकणारे, माणसे जमिनीतून आरपार जाणारी! डिसेंबरात निन्टेन्डोला दिलगिरी व्यक्त करावी लागली. मात्र तोवर पहिल्या तीन दिवसांतच एक कोटी प्रती विकल्या गेल्या होत्या. खप मोठा म्हणजे समाधान मोठे, हा हिशेब दुकानदाराच्या वहीत ठीक आहे. इतिहासाच्या वहीत तो चालत नाही.

उत्तरभाग फसतो तो बहुधा नवे कमी पडल्याने, असा आपला समज असतो. या खेळाचा इतिहास निराळे सांगतो. २०१९ च्या भागात नवे पुष्कळ होते. नवा देश, नवे प्राणी, नवी चित्रे. रुसवा होता तो जुन्यासाठी. संग्रह करणारे मूल वस्तू गोळा करते असे दिसते, पण वस्तूंबरोबर ते आपले दिवसही गोळा करीत असते. कोणत्या पावसाळ्यात कोणता प्राणी सापडला, कोणत्या मित्राने कोणता दिला, हे सारे त्या यादीत लिहिलेले असते. ती यादी अर्धी कापली की आठवणीही अर्ध्या फडताळात जातात.

या दिवाळीत घरातले एखादे पोर असा खेळ घेऊन बसले, तर त्याला डोळ्यांची काळजी घ्यायला सांगावेच. पण एकदा शेजारी बसून विचारावे, यांतला तुझा सर्वांत जुना कोणता? उत्तर लांबलचक येईल, आणि ऐकण्यासारखे असेल.